मदत हवी आहे: लाकडी साइडिंगचा जुना रंग प्रेशर वॉशरने काढावा का?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत १९५०च्या सुमाराचं घर घेतलंय. बाहेरच्या लाकडी साइडिंगवरच्या (म्हणजे भिंतींना बाहेरून लावलेल्या फळ्यांवरच्या) रंगाचे पोपडे सुटताहेत, दक्षिणेकडे तर फारच. शेजारी म्हणतात, प्रेशर वॉशर (जोरदार दाबाने पाणी मारणारं यंत्र) भाड्याने आणा, दुपारपर्यंत साफ. पण १९७८च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं. फवाऱ्याने ते अंगणभर उडेल, आणि तिथंच आईंनी मेथी लावलीय! शिवाय पाणी फळ्यांमागे शिरलं तर लाकूड कुजायची भीती. शिशाची तपासणी आधी करणारच. नाहीच निघालं, तर ४० अंशांत फवारा पसरवणारं नोझल लावून १५०० पीएसआयपर्यंत पाण्याचा दाब चालेल का, की हाताने खरवडणंच बरं? आणि प्रायमरआधी लाकूड किती दिवस वाळू द्यायचं? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.