मूल पाच वर्षांचं झालं की ताबा वडिलांकडे जातो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. दिवाळीपासून ती माहेरी, कोल्हापुरात आहे, सोबत साडेचार वर्षांचा मुलगा. नवऱ्याने पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा अर्ज टाकलाय आणि मुलाचा ताबाही मागितलाय. समन्स आल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

सासरहून एकच निरोप येतो, "पाच पूर्ण होऊ देत, मग कोर्टच मुलगा आमच्याकडे देईल. तिला नोकरी तरी कुठे आहे?" इकडे आई म्हणते, निकाल लागेपर्यंत बापाची भेटच नको. मला ते अजिबात पटत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल आला की भाचा चित्रांची वही घेऊन बसतो आणि पान कॅमेऱ्याला इतकं चिकटवतो की पलीकडे नुसता रंगच दिसत असणार. हे कसं तोडायचं?

पाच वर्षांचा असा नियम खरंच आहे का? नोकरी नाही म्हणून ताबा जातो का? आणि दर तारखेला एवढ्याशा पोराला घेऊन पुणं गाठणं टळेल का?

प्रतिसाद १

ताई, तुम्हाला अर्धाच कायदा सांगितला जातोय. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ वडिलांना नैसर्गिक पालक म्हणतं, पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असंही तिथेच आहे. पाचव्या वाढदिवसाला ताबा आपोआप फिरतो, असं कुठेही लिहिलेलं नाही. पुढे कलम १३ आहे, मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं. मुलाला कुणाची सवय आहे, शाळा कुठे, घरचं वातावरण कसं, हे सगळं कोर्ट बघतं.

२०१५ चा रोक्सान शर्मा खटला वकिलांना विचारा. प्रकरण गोव्यातलं. इतक्या लहान मुलासाठी आई अयोग्य आहे हे वडिलांनीच दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आणि मूल आईकडे दिलं.

पगार नाही एवढ्यावरून ताबा जात नाही. मुलाचा खर्च ही वडिलांचीही जबाबदारी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च लगेच मागा, मुलासाठी कलम २६. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यामुळे पगार लपवणं अवघड जातं.

आणि भेट थांबवू नका, कळकळीने सांगतो. आईंची भीती समजते, पण मुलाला बापापासून तोडलं हा मुद्दा तुमच्या बहिणीच्याच विरोधात वापरला जाईल. मूल परत मिळणार नाही अशी धास्ती असेल, तर भेटीची जागा आणि वेळ ठरवून द्या, असा अर्ज करा.

प्रतिसाद २

पुण्याच्या खेपांबद्दल. दोन्ही शहरं महाराष्ट्रातच, त्यामुळे दावा कोल्हापूरला वर्ग करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. लहान मूल, उत्पन्न नाही, सोबतीला कुणी नाही, ही कारणं स्पष्ट मांडा. पण अर्ज केला म्हणून पुण्याची तारीख चुकवू नका, गैरहजर राहिलं तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी कार्यालयात, जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बहिणीला शेजारी बसवून वाचून दाखवलं. सोमवारी विधी सेवा प्राधिकरणात जातोय. बालवाडीचा दाखला, फीच्या पावत्या आणि लसीकरणाचं कार्ड काढून ठेवलंय. आणखी काय न्यावं? व्हिडिओ कॉलची नोंद वेगळी ठेवावी का?

प्रतिसाद १

हो, तारीख-वेळ वहीत लिहीत जा, कॉल तुमच्याकडून लावला असेल तर तेही. समन्सची प्रत, लग्नाचा दाखला आणि नवऱ्याच्या पगाराचा जो असेल तो कागद न्या.