बच्चनसाठी सोडलेली कॉफी : तुमच्या घरी होतं का असं कोणी?

कोनाडा

आज सकाळी पोराच्या खोलीत झाडायला गेले, तर गजानन महाराजांच्या फोटोच्या बरोबर वर एका दाढीवाल्या साउथच्या हिरोचं हे एवढं पोस्टर. महाराज खाली, हिरो वर. पोरगा बारावीला आहे. क्लासच्या नावाखाली अमरावतीला जाऊन पहाटेचा पहिला शो पाहून आला, हेही आजच कळलं. झाडू हातात घेऊन मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझे बाबा आठवले. मिटलं तोंड. या विषयावर बोलायला मला जागाच नाही.

बाबा जिल्हा परिषदेचे मास्तर. लग्नाआधी सहा वर्षं चिखलदऱ्याकडे होते. विदर्भात कॉफीचे मळे आहेत ते तिथेच. बदली होऊन खाली आले तेव्हा दोन गोष्टी घेऊन आले, हिवताप आणि कॉफी. अख्ख्या गावात चहा, आमच्या एका घरात कॉफी. गंजात अर्धं दूध, अर्धं पाणी, साखर, आणि सहाणेवर जायफळाचे दोन वेढे. गुरुवारी पोथीचा अध्याय झाला की पहिला कप महाराजांपुढे, मग स्वतः. आई म्हणायची, महाराजांना चिलीम पुरत होती, तुम्ही त्यांना आणखी एक सवय कायले लावता?

त्यात बाबा बच्चनचे भक्त. कान झाकतील एवढे केस ठेवलेला तालुक्यातला एकमेव मास्तर.

१९८२, मी चौथीत. श्रावण नुकताच लागला होता. २६ जुलैला बंगलोरला शूटिंगमध्ये त्याच्या पोटाला मार लागला, पण आमच्या गावापर्यंत बातमी आली ती मुंबईत ब्रीच कँडीला जीव टांगणीला लागल्यावर. रेडिओवर ऐकलं आणि बाबा ताटावरून उठले. सकाळी कॉफीचा डबा घेतला, झाकणावरून सुतळी बांधली आणि कोनाड्यात महाराजांच्या तसबिरीमागे ठेवून दिला. तो घरी जाईपर्यंत कॉफी बंद.

यावर आई जे बोलली ते आमच्याकडे अजून लग्नाकार्यात निघतं : "तीन बाळंतपणं झाली माझी, तवा काई सोडलं नाई तुमी."

पोळा झाला, तान्हा पोळा झाला, महालक्ष्म्या जेवून गेल्या. बाबा चहालाही शिवेनात. डोकं दुखायचं, आणि ते दुखणं वर्गात पोरांच्या पाठीवर उतरायचं. बच्चन लवकर बरा व्हावा म्हणून आम्ही पोरं मनापासून हात जोडत होतो ते आमच्या पाठीसाठी.

२४ सप्टेंबरला तो दवाखान्यातून घरी गेला. बातमी ऐकली आणि रात्रीच बाबांनी सुतळी सोडली. पण पावसाळ्याचे दोन महिने! चिकोरीवाली पावडर, तिचा आत दगड झालेला. चमचा वाकला. शेवटी बत्त्याने फोडली, ढेकूळ फोडावं तशी. दूध विरजणात गेलेलं, म्हणून गुळाची काळी कॉफी. पहिली वाटी कोनाड्यात, मग आम्हाला एकेक घोट. कडू जहर! मी थुंकले, आणि प्रसाद थुंकते म्हणून धपाटा खाल्ला.

तर आज मी पोस्टर काढलं नाही. वर नवा खिळा ठोकला आणि महाराजांनाच वर नेलं. मग कॉफी ठेवली. जायफळ किसताना बोट किसलं ते वेगळं.

तुमच्याकडे होतं का असं कोणी? देव, पिक्चर, चहा, कॉफी, काहीही चालेल.

ठेचाभाकर

बाळंतपणाचा डायलॉग एक नंबर! आईले माझा नमस्कार सांगजा.

पराटीवाली

आमची आजी. जय संतोषी माँ, १९७५ चा. आमच्याकडे जत्रेत तंबूत आला तवा मी नव्हतीच, पण इतक्यांदा ऐकलं की पाह्यल्यासारखंच वाटते. दोन बंड्या जुंपून अकरा बाया गेल्या. देवीचा पिक्चर म्हणून चपला तंबूच्या बाहेर. पडद्यावर देवी आली की बाया फुलं अन् पैसे फेकायच्या. मामा तवा धा वर्षाचा, त्यानं अंधारात रांगत रांगत पैसे वेचले अन् त्याचे भजे खाल्ले. बाहेर आल्या तं अकराच्या अकरा जोड चपला गायब. बंडीपर्यंत बोरीच्या काट्यातून चालत. आजी म्हने देवीनं परीक्षा पाह्यली. मामाले वाटे भज्यांची शिक्षा आजीले भेटली.

त्यानंतर आजीनं सोळा शुक्रवार धरले. आंबट बंद, गूळफुटाणे. मग हे म्हणून राह्यले भाजी काऊन फिकी, ते म्हणून राह्यले भेदरं काऊन नाई टाकलं. घरात दर शुक्रवारी भांडन. कॉफीचं माहीत नाई, आमच्याकडे च्या.

पुण्यातला वऱ्हाडी

भेदरं! टोमॅटोला हा शब्द किती वर्षांनी ऐकला. इथे भाजीवाल्याकडे सांबार मागितला तर तो म्हणाला हॉटेलात जा.

पराटीवाली

@पुण्यातला वऱ्हाडी कोथिंबीर म्हणाले नाई ना तुमी? मग बरोबर हाय.

तिरपा पडदा

गणपतीत रस्त्यावर पडदा लावून पिक्चर दाखवायचे ते आठवतं का कोणाला? समोर मोठी माणसं आणि बाया, आम्हा पोट्ट्यांना जागा पडद्याच्या मागे. सगळं उलटं दिसायचं, पाट्या, नावं, सगळं. पण फुकट होतं, कोण तक्रार करतं. बच्चन आम्हाला कायम उजव्या हाताने मारताना दिसला. कॉलेजला गेल्यावर पहिल्यांदा समोरून पाहिला तेव्हा मित्राला म्हटलं, अबे, हा डाव्या हाताने काऊन मारून राह्यला? तो अजून हसतो मला.

ठेचाभाकर

हाहाहा. मागच्या बाजूले तं मी पन होतो.

आसरा

कोनाडा ताई, आमच्या अब्बांचं आणि तुमच्या बाबांचं जमलं असतं. त्याच वेळी अब्बा नागपूरला ताजबागला चादर चढवून आले होते. दादी विचारे कोणासाठी, तर म्हणाले एका दोस्तासाठी. नाव सांगितलं असतं तर घरात घेतलं नसतं. दुसऱ्या वर्षी कुली लागला, त्याच्या दंडावर बिल्ला ७८६ नंबरचा. अब्बांना वाटलं चादर पोचली. ७८६ नंबरची दोन रुपयांची नोट त्यांनी पाकिटात मरेपर्यंत ठेवली. आता माझ्याकडे आहे.

आणि कॉफीचं म्हणाल तर हिंदुस्थानात ती आणली बाबा बुदन नावाच्या सूफी संताने. हजहून येताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगरांना अजून त्यांचंच नाव आहे. तेव्हा महाराजांपुढे कॉफी ठेवली तर काही बिघडलं नाही. ती आधीपासूनच संतांच्या घरची.

कोनाडा

@आसरा हे बाबांना माहीत असतं तर आईसमोर त्यांची बाजू किती भक्कम झाली असती!

ठेचाभाकर

सात बियांत अख्खा देश कॉफी प्यायले लागला. इथं वावरात बॅगच्या बॅग बियानं टाकूनही मजुरी निघत नाई. आसराभाऊ, ते संत कपाशीचं काई पाहत होते का?

वडसेकर

आम्ही झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले. आमच्याकडे पिक्चरचं एवढं नव्हतं, नाटक. भाऊबीज झाली की सुरू. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, उजाडेपर्यंत. धान निघालेलं असायचं, हातात पैसा असायचा. बाबा नांगर सोडून इतर कशासाठी पहाटे उठले नाहीत, पण नाटकासाठी रात्रभर जागत. बोऱ्या, चादर, आणि किटलीत कोरा चहा. एक नटी होती, नाव नाही घेत, आई हे वाचते. तिचा प्रवेश आला की बाबा आम्हाला चहा आणायला पाठवायचे. आम्ही पोरं चहा घेऊन येईपर्यंत प्रवेश संपलेला. लय वर्षांनी समजलं.

विषय देवाचा होता ना? बसायच्या आधी बाबा स्टेजच्या पाया पडायचे, एवढं लिहितो आणि थांबतो.

मोर्शीकर काकू

सगळं छान आहे पण बारावीच्या पोराला पहाटेचा शो? माझ्या मुलीच्या वर्गातली दोन मुलं अशीच. नंतर रडायचं नाही.

कोनाडा

काकू, मला काय विचारून गेला होता का? डबा पण दिला मी त्याला. दोन पोळ्या जास्त.

परतवाडा फास्ट

चिखलदऱ्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. कॉफी अजून आहे तिथं. हिवाळ्यात गेलात तर झाडावर लाल फळं दिसतील, बोरांसारखी. तोंडात टाकली तर साल गोडसर, आत बी. ती वाळवायची, भाजायची, मग कॉफी. आमची मावशी लोखंडी तव्यावर भाजायची. सुरुवातीला भाजल्या फल्लीसारखा वास, मग एकदम जळका. तिथंच लक्ष ठेवावं लागतं. एक मिनिट इकडे तिकडे झालं की कोळसा. घ्यायची तर बी घ्या, कुटलेली लवकर उतरते.

आणि तंबू टॉकीज म्हणाल तर बहिरमची जत्रा! महिनाभर चालायची. दर्शन पाच मिनिटं, पिक्चर तीन तास, मग रोडगे आणि वांग्याची भाजी. ज्यांना चालते त्यांनी हंडीतलं मटण. आमच्या आजोबांनी बहिरमबुवाला नेमका कोणता नवस केला होता कोणाला माहीत नाही, पण फेडायला दर वर्षी चार दिवस जायचे.

विरजण

रोडगे गोवरीवरच होतात, ओव्हनमध्ये कोणी सांगितलं तरी करू नका. मी केले. दगड झाले, तुमच्या बाबांच्या कॉफीसारखे.

एकादशी

माझे बाबा माळकरी होते. आणि दादा कोंडक्यांचे पिक्चर एक सोडत नसत. टॉकीजच्या दारात गळ्यातली तुळशीची माळ काढायची, रुमालात गुंडाळायची, खिशात. मी विचारलं, का? तर म्हणाले, "पांडुरंगाले काऊन ऐकवा?" सुटल्यावर बाहेरच्या नळावर हात धुऊन परत माळ. नऊ पिक्चर लागोपाठ सिल्व्हर ज्युबिली झाले त्या माणसाचे, त्यात आमच्या बाबांची तिकिटं धरा.

मागच्या पौषात गेले. दवाखान्यात गळ्यातलं सगळं काढायला लावलं, तर मी माळ रुमालात गुंडाळून माझ्याच खिशात ठेवली. त्यांनी पाहिलं आणि हसले. बोलता येत नव्हतं तेव्हा.

कॉफी प्यायचे ती फक्त एकादशीला, चहा चालत नाही म्हणून. कॉफी कशी चालते हे कोणी विचारायचं नाही.

पराटीवाली

काय लिहिलं हो भाऊ. वाचता वाचता चपाती उलटवायची राह्यली अन् तव्यावर करपलीच.

आसरा

@एकादशी अल्लाह त्यांना सुखात ठेवो.

विरजण

आमच्याकडे १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा गावात टीव्ही एकच. रविवारी साडेनऊला टीव्हीला हार, हळदकुंकू, उदबत्ती. ती उदबत्ती कोणीतरी टीव्हीच्या प्लास्टिकमध्येच खोचली. भोक पडलं. लाईन गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. एकदा राम बाण मारतोय आणि तेवढ्यात बॅटरी बसली, तर एक म्हातारी म्हणाली, आता रावण वाचला आठवडाभर.

नवी सून

एक विचारू का? जायफळ कॉफी उकळताना टाकायचं की वरून? सासरी सगळे सांगतात आमच्यासारखी नाही होत.

परतवाडा फास्ट

@नवी सून वरून. आणि चिमूटभर. जास्त झालं की सासरे दुपारी दोनपर्यंत झोपतात.

नवी सून

मग उकळतानाच भरपूर टाकते.

मोर्शीकर काकू

कोनाडा, रागावू नकोस गं. माझ्याच पोराच्या वहीत कोणत्या तरी नटाचे फोटो सापडले मघाशी. गणिताची वही आहे.

कोनाडा

काकू, या कॉफीला.

आता ऐका. सगळं वाचून राहवलं नाही, आईला फोन लावला. ऐंशी पार आहे, ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकलं. म्हटलं, आई, बाबांच्या कॉफीच्या नवसाबद्दल लिहिलं मी, लोकांना खूप आवडलं.

ती म्हणाली, "कोनता नवस? तो पोस्टमास्तरच्या घरी जाऊन पेत जाय ना रोज."

मी म्हटलं, काय!

"अवं, मीशीले जायफळाचा वास येत जाय. आपल्या घरी तं डबा बांधून ठेवेल. मंग कुठून आला वास?"

म्हणजे दोन महिने आमच्या पाठी उगाच सुजल्या! मी विचारलं, मग तू बोलली काऊन नाही?

"पोळ्यापासून गेला असन तो. तवर राह्यला बिचारा. अन् बोलून काय करू, त्याचा हिरो मेला असता तं माझ्यावर आलं असतं."

ठेचाभाकर

आईचे पाय कुठं हायेत? मी निघालोच.

तिरपा पडदा

म्हणजे डोकं कशाने दुखायचं मास्तरांचं?

कोनाडा

तेच विचारलं. म्हणे, तुम्ही पोरं पाढे म्हणायचे त्यानं.