फॉस्फोपेप्टाइडना लेबल आधी लावावे की वेगळे काढल्यावर?

खानापूरची_विद्यार्थिनी
नमस्कार. मी बेळगावात उसाच्या पानांतील फॉस्फोप्रथिनांवर, म्हणजे फॉस्फेट बसलेल्या प्रथिनांवर, पीएचडीचे काम करत आहे. पाण्याचा ताण दिलेल्या आणि नियमित पाणी मिळालेल्या रोपांत कोणत्या जागेवर फॉस्फेट वाढते वा घटते, याची तुलना मला करायची आहे. मास स्पेक्ट्रोमीटर (वस्तुमान मोजणारे यंत्र) आमच्याकडे नसल्यामुळे पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे) वाळवून बेंगळुरूला पाठवावे लागतात आणि यंत्रावरचा वेळही मोजकाच मिळतो. नमुने ओळखता यावेत म्हणून पेप्टाइडला रासायनिक खूण, म्हणजे लेबल, लावण्याच्या बीटा-एलिमिनेशन, टीएमटी (टॅन्डम मास टॅग) आणि डायमिथाइल लेबलिंग या तीन पद्धती वाचनात आल्या. त्यांपैकी कोणती घ्यावी, आणि टायटॅनियम डायऑक्साइडवर फॉस्फोपेप्टाइड वेगळे काढण्याआधी लेबल लावावे की नंतर?

निपाणीकर
ताई, पहिली पद्धत आणि उरलेल्या दोन यांची जातच वेगळी आहे. बीटा-एलिमिनेशनमध्ये तीव्र अल्कलीने सेरीन व थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरचा फॉस्फेट ९८ डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) वजनाच्या फॉस्फोरिक आम्लाच्या रूपाने निघून जातो, मागे दुहेरी बंध उरतो आणि त्यावर थायॉल (गंधकयुक्त गट) जोडता येतो. ओडा, नागासु आणि चेट यांनी २००१ मध्ये याच वाटेने बायोटिन बसवून फॉस्फोपेप्टाइड पकडून दाखवले. कल्पना सुरेख आहे, पण टायरोसीनवरचा फॉस्फेट या विक्रियेला दाद देत नाही, सिस्टीनचे थायॉल आधी बंद करावे लागतात, आणि सेरीनला जोडलेली एन-ॲसिटिलग्लुकोसामीन ही शर्कराही तशीच निघून जाते. उसावर काम करताना साखरेनेच घोटाळा करावा, हा योग मात्र मजेशीर! शिवाय थायॉल दोन्ही बाजूंनी जोडला जात असल्याने एकाच पेप्टाइडची दोन शिखरे दिसू शकतात. सर्वांत मोठी उणीव ही की, फॉस्फेटच काढून टाकल्यावर तेथे तो होता याचा थेट पुरावा वर्णपटात उरत नाही. तुमच्या कामासाठी मी ही पद्धत घेणार नाही.

टिळकवाडी_रसायन
वरील मताशी मी सहमत आहे. टीएमटी आणि डायमिथाइल ही दोन्ही लेबले पेप्टाइडच्या आरंभीच्या अमाइनवर आणि लायसीनवर बसतात, फॉस्फेटला हात लावत नाहीत. म्हणून तुमचा क्रमाविषयीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

टायटॅनियम डायऑक्साइडवरून किती पेप्टाइड परत मिळेल हे प्रत्येक वेळी थोडे बदलते. दोन्ही नमुन्यांना आधी वेगवेगळी लेबले लावून, समप्रमाणात एकत्र करून, मगच फॉस्फोपेप्टाइड वेगळे काढले, तर पुढची गळती दोघांनाही सारखीच लागते आणि गुणोत्तर शाबूत राहते. अडचण खर्चाची आहे. फॉस्फोपेप्टाइड एकूण पेप्टाइडांत अगदी थोडे असतात, त्यामुळे सुरुवातीला मिलिग्रॅमच्या हिशेबात माल लागतो, आणि तेवढ्याला पुरेल इतके टीएमटी परवडत नाही म्हणून अनेक जण ते नंतर लावतात. डायमिथाइलसाठी फॉर्माल्डिहाइड आणि सोडियम सायनोबोरोहायड्राइड लागते. हलक्या लेबलाने प्रत्येक अमाइनमागे २८ डाल्टन वाढतात, ड्यूटेरियमयुक्त फॉर्माल्डिहाइडने ३२. तुलना दोनच अवस्थांची असल्याने मी डायमिथाइल आधी लावीन.

विक्रियेत ट्रिस किंवा अमोनियम बायकार्बोनेट राहू देऊ नका, कारण त्यांतील अमाइन व अमोनिया अभिकर्मक खाऊन टाकतात. ट्रायइथाइलअमोनियम बायकार्बोनेट वापरावे. सायनोबोरोहायड्राइड आम्लात गेल्यास हायड्रोजन सायनाइड निघतो, म्हणून विक्रिया थांबवताना आम्ल घालण्याचे काम धूरकपाटातच करावे.

खानापूरची_विद्यार्थिनी
आभारी आहे, सर. पण पुढे नमुने सहा झाले तर टीएमटी घेणे बरे नव्हे काय?

टिळकवाडी_रसायन
सहा नमुने एकाच फेरीत मोजायचे असतील तर होय. त्याचे खूण-आयन, म्हणजे यंत्रात लेबलापासून तुटणारे आणि नमुना ओळखू देणारे तुकडे, १२६ ते १३१ या वस्तुमानांवर दिसतात. मात्र शेजारचा दुसरा पेप्टाइड सोबत फुटला की गुणोत्तरे एकच्या दिशेने दबतात. हे टाळण्यासाठी तिसऱ्या टप्प्याचे विखंडन करणारे यंत्र आहे का, हे बेंगळुरूला आधी विचारून घ्या. टीएमटीची कुपी शीतपेटीतून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात थंड काचेवर लगेच दव धरते आणि पाण्याने अभिकर्मक फुकट जातो.

वडगाव_वनस्पती
एक भर घालतो. लेबल कोणतेही असले तरी फॉस्फोपेप्टाइडचे गुणोत्तर वाढणे म्हणजे फॉस्फेटचे प्रमाण वाढणे असे नाही, मूळ प्रथिनच वाढलेले असू शकते. म्हणून एकत्र केलेल्या मिश्रणाचा थोडा भाग, त्यातून फॉस्फोपेप्टाइड वेगळे न काढता, तसाच मोजून घ्या. पाने तोडण्याची वेळही दोन्ही गटांत एकच हवी. पालकाच्या पानात सुक्रोज फॉस्फेट सिंथेज या साखर बनवणाऱ्या विकराच्या १५८व्या सेरीनवर अंधारात फॉस्फेट चढतो आणि त्याची क्रिया मंदावते. उसात असा फरक दिसला, तर तो ताणाचा की सावलीचा हे नंतर कोणत्याही लेबलाने सांगता येणार नाही. पाने शेतातच द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि वाटण्याच्या द्रावणात फॉस्फेटेज (फॉस्फेट काढून टाकणारे विकर) रोधक घालायला विसरू नका.