मदत हवी आहे: शॉर्ट जीआरबीची यजमान दीर्घिका ठरत नाहीये, दोन्हींचा आकडा सारखाच

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टात अडकलोय. एक शॉर्ट गॅमा-रे बर्स्ट (जीआरबी, गॅमा किरणांचा छोटा स्फोट) आहे, जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. तो कुठल्या दीर्घिकेत झाला, म्हणजे त्याची यजमान कोण, ते शोधतोय. दृश्य प्रकाशात आफ्टरग्लो (स्फोटानंतर उरणारी चमक) सापडला नाही, त्यामुळे हातात आहे ती फक्त स्विफ्ट उपग्रहाच्या एक्सआरटी या क्ष-किरण दुर्बिणीने दिलेली जागा: 90% खात्रीचं वर्तुळ, त्रिज्या 2.1 आर्कसेकंद.

उमेदवार दोन. पहिली दीर्घिका ठसठशीत, 18 मॅग्निट्यूड (आकडा जितका मोठा, तितकी अंधुक), रेडशिफ्ट (जितका जास्त, तितकी दूर) 0.1, पण वर्तुळाच्या मध्यापासून 20 आर्कसेकंद लांब, म्हणजे साधारण 37 किलोपार्सेक. दुसरी 25 मॅग्निट्यूडचा पुसट डाग, मध्यापासून 1.4 आर्कसेकंदांवर. आधी तो मी नॉइज म्हणून सोडूनच दिला होता.

निव्वळ योगायोगाने इतक्या जवळ दिसण्याची शक्यता काढली. 18 किंवा त्याहून तेजस्वी दीर्घिका दर चौरस आर्कसेकंदाला 0.00005 धरल्या, 25 पर्यंतच्या 0.01. तेवढ्या अंतराच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने गुणलं, तर दोन्हींना उत्तर 0.06! आता काय, छापा-काटा करू?

'जवळची घे' म्हणावं तर तेही पटत नाही. शॉर्ट बर्स्ट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून होतात, आणि सुपरनोव्हाच्या वेळी बसलेल्या धक्क्याने अशी जोडी घर सोडते आणि विलीन होईपर्यंत कुठल्या कुठे पोचते. मग 37 किलोपार्सेक अशक्य कसं म्हणू?

प्रतिसाद:

गडबड त्रिज्येत आहे. बर्स्ट वर्तुळाच्या बरोबर मध्यावरच झाला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? 90% ला 2.1, म्हणजे 1 सिग्मा (अनिश्चिततेचं माप) जवळपास 1 आर्कसेकंद. अंतर आणि 3 सिग्मा यांतलं जे मोठं, ते घ्यायचं. डागासाठी 1.4 ऐवजी 3 घालून बघा. पहिलीचं काही बदलणार नाही, 20 मोठेच आहेत.

पण लगेच पहिलीच्या गळ्यात माळ घालू नका. आजूबाजूच्या पंधरा-वीस दीर्घिका तपासल्या असतील, तर एखादीला 0.06 मिळणं सहज शक्य आहे.

2023 चा जीआरबी 230307ए आठवा. तो शॉर्ट नव्हता, तरी किलोनोव्हा (न्यूट्रॉन तारे विलीन झाल्यावरची चमक) दिसला. जेम्स वेब दुर्बिणीला अगदी शेजारी 3.87 रेडशिफ्टची अंधुक दीर्घिका सापडली, तरी यजमान मानली गेली ती 0.065 ची, सुमारे 40 किलोपार्सेक लांबची. बर्स्ट 3.87 रेडशिफ्टइतक्या दूरचा धरला तर ऊर्जा अवाच्या सवा निघते, आणि किलोनोव्हाही जवळच्याच अंतराशी जुळतो. तुमच्याकडे नुसती शक्यता आहे, असा दुसरा पुरावा नाही.

धागाकर्ता:

3 घातले, डागाचा आकडा थेट 0.28 वर गेला! तीन आठवडे 1.4 धरून बसलो होतो. बाकीच्या दीर्घिका मोजल्याच नव्हत्या. आज रात्री मोजतो आणि तूर्त रकान्यात 'यजमान अनिश्चित' लिहितो. सरांना ते आवडणार नाही, पण इलाज नाही.