पावसाळ्यात लाओस-कंबोडिया : पाच आठवडे, एकच सॅक, सामान काय घ्यावे?

कातळपायवाट :
नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये मी आणि माझा मावसभाऊ पाच आठवड्यांसाठी लाओस व कंबोडियाला जाणार आहोत. हुएसायहून दोन दिवसांच्या संथ बोटीने लुआंग प्रबांग, नोंग खियावच्या परिसरातील गावांत तीन दिवसांची पायपीट, मग रेल्वेने व्हिएन्तिआन आणि शेवटी सिएम रीप, असा बेत आहे. स्वस्त विमानांत हातातील सामानाला ७ किलोंची मर्यादा असल्यामुळे ४० लिटरच्या एकाच सॅकमध्ये सर्व बसवायचे आहे. सह्याद्रीतील पावसाळी भटकंतीचा अनुभव आहे; परंतु तेथे रविवारी रात्री ओले कपडे घरच्या दोरीवर जातात. सलग पाच आठवडे दमट हवेत राहायचे असेल, तर काय न्यावे आणि काय नेऊ नये? दुकानदाराने वॉटरप्रूफ बूट, महागडे रेनजॅकेट आणि दोघांचा तंबू सुचवला आहे.

नदीकाठचा :
तिन्ही वस्तू दुकानातच राहू द्याव्यात. ओढा ओलांडताना वॉटरप्रूफ बुटात पाणी वरून शिरतेच, आणि जे अस्तर पाणी आत येऊ देत नाही तेच ते बाहेरही जाऊ देत नाही. मग असे बूट तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. जाळीचे हलके बूट आणि पट्ट्यांचे सँडल पुरतात. मात्र आपला पाय मोठा असेल, तर दोन्ही येथूनच न्यावेत, कारण तेथे मोठे माप सहज मिळत नाही.

३० अंशांच्या दमट हवेत रेनजॅकेट घातले, की पावसाआधी घामानेच अंग भिजते. सॅकसकट पांघरता येणारा पोंचो आणि घडीची छत्री बरी. रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडे असल्याने पाणी तेथून झिरपते. म्हणून सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सर्व सामान तिच्यात भरावे, हे आपणांस सांगायला नकोच.

तंबूची गरज नाही, कारण पायपिटीत मुक्काम गावकऱ्यांच्या घरी असतो. शिवाय १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले आणि त्यांतील न फुटलेले अजूनही जमिनीत आहेत. अशा देशात अनोळखी रानात खुंट्या ठोकू नयेत आणि आडोशाला जायचे झाले तरी मळलेली वाट सोडू नये.

कपड्यांना माझी एकच कसोटी आहे : रात्री धुऊन पंख्याखाली टाकलेला कपडा सकाळी अंगात घालता आला पाहिजे. जीन्स आणि जाड सुती कपडे येथेच बाद होतात. पातळ, कृत्रिम धाग्याचे तीन जोड घ्यावेत. त्यांतील एक गुडघे आणि खांदे झाकणारा असावा, नाहीतर अंगकोरच्या मंदिरांत अडवतील. टॉवेलऐवजी आपला साधा पंचा न्यावा. पहिल्या खेपेला मी नेलेल्या महागड्या मायक्रोफायबर टॉवेलला चौथ्या दिवशी असा कुबट वास येऊ लागला, की तो बोटीतच सोडून आलो. धुतलेला कपडा कोरड्या पंच्यात गुंडाळून पिळला, की निम्मे पाणी तेथेच निघून जाते.

पुडीतली_साखर :
औषधांच्या दुकानात बसणारा म्हणून थोडी भर घालतो. नेहमीची औषधे येथूनच, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. त्या भागात हिवतापाच्या बनावट गोळ्या सापडल्याचा इतिहास आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मलम केवळ रात्री लावून भागत नाही. जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यासाठी असेल, तर ती पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवावी. अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात ओतणारे बरेच भेटतात. पाण्याचा ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू अडवतो, विषाणू नाही, म्हणून त्यानंतर क्लोरीनची गोळी टाकावी किंवा पाणी उकळून घ्यावे.

माजघर :
छत्रीबाबत माझा अनुभव वेगळा आहे : चिखलाच्या उतारावर दोन्ही हात मोकळे लागतात, तेथे छत्रीची अडचणच होते. शहरात तिचा उपयोग आहे, पण शहरात ती विकतही मिळते. धोतराचे जुने मऊ पान दुमडून, दोन बाजूंनी शिवून केलेली झोपायची पिशवी मात्र अवश्य घ्यावी. ती मुठीत मावते आणि अतिथीगृहांतील संशयास्पद चादरींची चिंता राहत नाही. तेथील मच्छरदाण्यांना भोके असतात, तेव्हा सुई-दोरा आणि चार सेफ्टी पिनाही असू द्याव्यात. लाओसमधील नव्या रेल्वेच्या स्थानकांवर तपासणीत चाकू आणि फवाऱ्याचे डबे काढून घेतात, म्हणून डासांसाठी फवारा नव्हे, मलम घ्यावे. पॉवर बँक विमानात आपल्याजवळच ठेवावी लागते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे १०० च्या मर्यादेत बसते.

कातळपायवाट :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तंबू आणि रेनजॅकेट रद्द केले. बुटांबाबत मावसभाऊ अजून ऐकत नाही. एक शंका राहिली : जळवांसाठी मीठ न्यावे का?

नदीकाठचा :
पावसात ते वाहून जाते. त्यापेक्षा घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे घ्यावेत आणि पँटचे पाय त्यांत खोचावेत. तरीही जळू लागलीच, तर मीठ किंवा काडीचा चटका न देता तिच्या तोंडाखाली नख सरकवून सोडवावी. चटक्याने ती पोटातले जखमेत ओकते. मावसभावाला नेऊ द्यावेत बूट, पण त्यांत भरायला जुनी वर्तमानपत्रेही घ्यायला सांगावे.