चावीच्या पोर्टेबल ग्रामोफोनचा साउंडबॉक्स उघडायचा आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

आजोबांचा चावीचा ग्रामोफोन परवा माळ्यावरून खाली काढला. सुटकेससारखी काळी पेटी, वर धरायला मूठ. कंपनीचा छाप पार पुसला गेलाय, त्यामुळे मॉडेल ओळखायलाही मदत हवी आहे.

डेक्का कंपनीचा 1914 चा पोर्टेबल नाही, एवढं नक्की. पहिल्या महायुद्धात सैनिक खंदकांत घेऊन गेले तो. त्याच्या झाकणात एक वाडगा असतो आणि आवाज त्याच्यावर आपटून बाहेर येतो. आमच्या पेटीत वाडगा नाही. भोंगा पेटीच्या पोटातच वळवून बसवलाय, त्याचं तोंड मागे बिजागरीजवळ, म्हणजे उघडं झाकणच आवाज पुढे फेकतं. इतक्याशा जागेत हे जमवणाऱ्याचं मला फार कौतुक वाटतं!

चावीचं हँडल उजव्या बाजूला आहे. माझा अंदाज एचएमव्ही 101 (1925 पासूनचं), कारण साउंडबॉक्समधला (पिनची थरथर आवाजात बदलणारी गोल डबी) पडदा अभ्रकाचा आहे. 102 (1931) ला धातूचा पडदा येतो. पण साउंडबॉक्स मधल्या काळात कोणी बदललाही असेल. आणखी कोणत्या खुणा बघू?

आता मूळ अडचण. सुरुवातीला तबकडी अर्ध्यावर मंदावायची. कागदाची चिठ्ठी तबकडीखाली अडकवून फेरे मोजले, तर पहिल्या मिनिटाला 78 आणि तिसऱ्याला जेमतेम 60. वेग एकसारखा ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या चकतीला टेकणारी चामड्याची गादी वाळून खडखडीत झाली होती. तिला तेलाचे दोन थेंब दिले, गिअरवरचं सुकलेलं ग्रीस पुसून नवं लावलं. आता पूर्ण बाजू 78 वर चालते. स्प्रिंगच्या डब्याला हात लावलेला नाही. उघडताना ती उसळते आणि हात फाडते, हे ठाऊक आहे.

वेग जमला, पण आवाज चरचरतो. गायकाने तान वर नेली की पत्रा थरथरल्यासारखं ऐकू येतं. दर बाजूला नवी पिन लावतो, तरी तेच. भिंगातून पाहिलं तर अभ्रकाच्या दोन्ही बाजूंच्या रबरी कड्या दगडासारख्या कडक झाल्यात. मधल्या स्क्रूवरचा मेणाचा थेंब मात्र शाबूत आहे. साउंडबॉक्सचं मागचं झाकण जस्ताच्या ओतीव धातूचं वाटतं आणि त्यावर केसाएवढी चीर आहे.

दुरुस्तीवाले म्हणतात, "हा फेका, नवीन लावून देतो." माझं मन होत नाही. आजी नव्वदीची आहे. तिला बालगंधर्वांची तबकडी ह्याच पेटीवर, ह्याच साउंडबॉक्समधून ऐकायची आहे.

कोणी स्वतः हे काम केलंय का? चीर न वाढवता मागचं झाकण कसं सोडवायचं? कड्यांना कोणती रबरी नळी चालते, सायकलच्या व्हॉल्व्हची घेतली तर? आणि अभ्रक परत बसवताना मधला स्क्रू किती आवळायचा, की त्याच्यावर ताण येणार नाही? फोटो उद्या सकाळी उजेडात काढून इथेच टाकतो.