प्रति: लसीचं कार्ड असलं की पुरतं का?

लसीचं कार्ड दाखवलं की कुत्र्याला जर्मनीत नेता येतं, असं वर म्हटलंय. अर्धंच खरं. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस. क्रम उलटला तर युरोपियन युनियन ती लस धरतच नाही. भारतातून नेताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासायचं, टायटर, म्हणजे रक्तातल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण, निदान ०.५ IU/ml यायला हवं (लॅबही त्यांच्या मान्यतेचीच), आणि रक्त काढल्यापासून ३ महिने थांबायचं.

इथे नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या शेजाऱ्यांचा व्हिसा रखडला, पण लॅब्राडॉरचं बूस्टर मुदतीत दिलेलं, म्हणून टायटर पुन्हा करावं लागलं नाही. तारीख हुकली असती तर सगळं पहिल्यापासून. शेवटच्या सरकारी कागदासाठी, म्हणजे आरोग्य दाखल्यासाठी, मात्र मुंबई गाठावी लागते, आणि तो जर्मनीत पोचण्याआधीच्या १० दिवसांतला लागतो. म्हणजे कसारा घाट फार आधी उतरून उपयोग नाही.